रुंद पट्टा

हेमलताबाईंकडे येणारा माणूस आधी गॅरेजात डोकवायचा आणि मग घराची बेल वाजवायचा. नोएडाच्या त्या सेक्टरात बाकी सगळ्यांच्या गॅरेजात गाड्या होत्या. यांची गाडी बारा महिने बाहेर कडुनिंबाखाली, आणि गॅरेजात बाई. वय बहात्तर, सुती साडीवर नवऱ्याचा जुना स्वेटर, एका चष्म्यावर दुसरा चष्मा, आणि समोरच्या टेबलावर कोणाचं तरी काहीतरी उघडून ठेवलेलं.

चौतीस वर्षं त्यांनी एका सरकारी प्रयोगशाळेच्या दुरुस्ती विभागात काढली होती. रुजू व्हायला गेल्या त्या दिवशी दारावरच्या चौकीदाराने त्यांना टायपिस्टच्या खोलीकडे पाठवलं होतं. त्याच खात्यात पुढे नाजूक उपकरण बिघडलं की लोक म्हणायचे, "मॅडम के हाथ में दो." निवृत्तीनंतर ते हात स्वस्थ बसेनात. महिन्यातून एकदा त्या मेट्रोने मायापुरीच्या भंगार बाजारात जात. तिथला एक कबाडी त्यांच्यासाठी माल बाजूला काढून ठेवी आणि लांबूनच ओरडे, "माताजी, आपके लायक चीज आई है." मग रिक्षा, पिशव्या आणि कंबरदुखी.

"इस्पितळं म्हातारी झाली की त्यांचं भंगार होतं," भाऊसाहेब म्हणत, "आणि भंगार म्हातारं झालं की आमच्या घरी येतं. मलाही असंच कुठून तरी आणलं असावं." भाऊसाहेब म्हणजे हेमलताबाईंचे यजमान, मंत्रालयातून निवृत्त झालेले सेक्शन ऑफिसर. अंगापिंडाने भरभक्कम. हिवाळाभर ते अंगणात खुर्ची टाकून उन्हाबरोबर सरकत असत.

गॅरेजच्या भिंतीवर कामांची यादी खडूने लिहिलेली असे. यादी कधी सातच्या खाली गेली नाही. मराठी मंडळाचा अँप्लिफायर, बंद पडलेल्या जिममधून आणलेल्या ट्रेडमिलची मोटर, समोरच्या पंजाबी आजींचा मिक्सर, आणि सगळ्यांत खाली, दर वेळी पुसून पुन्हा लिहिलेली, वैजूची सायकल. एका कामाचा डिंक वाळेपर्यंत दुसरं, दुसऱ्याचा सुटा भाग येईपर्यंत तिसरं. हेमलताबाईंना त्याचा अभिमान होता. घरात स्वयंपाकही त्यांनी जन्मभर असाच केला होता, चार शेगड्यांवर चार पदार्थ आणि एकही न करपता.

वैजू म्हणजे वैजयंती. चाळीस वर्षांपूर्वी सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरात दोघी भिंतीला भिंत लावून राहिल्या होत्या. तेव्हाचे हिवाळे निराळे होते. सकाळी पुरुष कचेरीत गेले की बायका समोरच्या हिरवळीवर चटया टाकायच्या; मटार सोलायचे, स्वेटर विणायचे, आणि कोणाच्या बदलीची ऑर्डर निघाली ते नवऱ्यांच्या आधी त्यांना कळायचं. हेमलता नोकरीवर जायची म्हणून तिचा मुलगा शाळेतून वैजयंतीकडे यायचा, तिच्या हातचं जेवायचा, तिच्याच पलंगावर झोपायचा. त्याचा हिशोब दोघींनी कधी काढला नाही. ती क्वार्टर्स आता पाडली, तिथे उंच इमारती आल्या. वैजयंतीचे यजमान गेले, मुलगा सुधन्वा परदेशात स्थायिक झाला, आणि ती नोएडातच दोन सेक्टर सोडून एकटी राहायला आली. दर गुरुवारी अकरा वाजता ती ई-रिक्षाने हेमलताबाईंकडे येई. गुरुवार चुकला असं झालं नव्हतं.

तिला रक्तदाब होता. डॉक्टरांनी दिलेल्या गोळीने पाय सुजायचे, आणि ती गोळीला शिव्या द्यायची.

गेल्या गणपतीच्या तोंडावर मायापुरीच्या कबाड्याने हेमलताबाईंना रक्तदाब मोजायची तीन यंत्रं दिली होती. पाऱ्याची, जुन्या घडणीची. इस्पितळांतून पारा हद्दपार झाला तशी ती पोत्यातून बाहेर आली होती. तिन्हींतून मिळून एक धड यंत्र करायचं बाईंनी ठरवलं. काचेची नळी एकाची, पेटी दुसऱ्याची. पारा त्यांनी गाळून स्वच्छ केला, नळी धुतली, झडप बदलली, आणि आपल्याकडच्या जुन्या मानक दाबमापकाशी ताडून पाहिलं. शून्यापासून तीनशेपर्यंत कुठेही एका रेघेचा फरक नव्हता. दंडाला गुंडाळायच्या पट्ट्यांपैकी दोन फाटलेले निघाले. तिसऱ्यातली रबरी पिशवी शाबूत होती, तेवढी बाईंनी ठेवली आणि तिच्या मापाचा नवा अभ्रा शिवला. त्यासाठी पडद्याचं निळ्या फुलांचं कापड वापरलं. ते कापड सरोजिनी नगरच्या बाजारात दोघींनी एकाच थानातून फाडून घेतलं होतं. वैजयंतीकडचे पडदे कधीच विरले, हेमलताबाईंकडे तुकडा उरला होता. पट्टा जरा रुंद झाला. पण त्या दिवशी टेबलावर मंडळाचा अँप्लिफायर उघडा पडला होता, गणपती दोन दिवसांवर आले होते, आणि ट्रेडमिलच्या मोटरचा माणूस दारात उभा होता. बाईंनी यादीत लिहिलं, "पट्टा पाहणे." मग भाऊसाहेबांना हाक मारली, त्यांच्या दंडाला पट्टा लावला. एकशे अडतीस. आदल्याच आठवड्यात डॉक्टरांकडेही तेवढाच निघाला होता. यंत्र अचूक होतं. गणपती झाल्यावर यादी पुसताना ते "पट्टा पाहणे" पण पुसलं गेलं.

प्रयोगशाळेत हे झालं नसतं. तिथे त्यांचे साहेब होते नरसिंह म्हणून, करड्या शिस्तीचे. दुरुस्त झालेल्या प्रत्येक उपकरणाला पुठ्ठ्याची चिठ्ठी दोऱ्याने बांधायची, हा त्यांचा नियम. चिठ्ठीवर दोन रकाने: काय तपासलं, आणि काय तपासलं नाही. नवी माणसं पहिला रकाना भरून मोकळी व्हायची. साहेब ती चिठ्ठी तोडून परत द्यायचे. "जो देखा नहीं, वो पहले लिखो. जो देखा है वो तो सब बताते हैं." हेमलताबाईंनी चौतीस वर्षं चिठ्ठ्या लिहिल्या. घरी आल्यावर मात्र त्यांना वाटलं, आपल्याच माणसांसाठी कशाला चिठ्ठी.

तर त्या सप्टेंबरापासून दर गुरुवारी वैजयंतीचा रक्तदाब मोजणं सुरू झालं. बरोबर बाकीचा कार्यक्रमही. मीठ अर्धं, लोणचं बंद, रोज बागेत चार फेऱ्या. गुडघ्यांसाठी भंगारातल्या चाकांची आणि स्कूटरच्या सीटची एक जागच्या जागी फिरणारी सायकल बनवायला हेमलताबाईंनी घेतली होती, ती निम्मी झाली होती. वैजयंती तीच पाय जमिनीला टेकवत दहा मिनिटं मारायची. "ही सायकल पूर्ण होईपर्यंत मी मरणार नाही," ती म्हणायची, "म्हणजे अमरच."

आकडे एका वहीत लिहिले जात. एकशे अठ्ठावीस. एकशे चोवीस. एकशे सव्वीस. वैजयंती वही उघडून दोनदोनदा वाचायची. गेल्या दिवाळीत तिने विचारलं होतं, "हेमा, मग ही मेली गोळी सोडू का?"

हेमलताबाई त्या वेळी मिक्सरचा ब्रश बसवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आकडे तर छान आहेत. अर्धी करून बघ."

मी डॉक्टर नाही, हे वाक्य त्यांच्या तोंडून आलं नाही. हे त्यांना नंतर फार आठवलं. अर्धी करून बघ. जणू भाजीत तिखट किती घालायचं ते सांगत होत्या. अर्ध्या गोळीवर आकडा एकशे तीस आला, आणि मार्गशीर्षात वैजयंतीने गोळी बंदच केली. पायांची सूज उतरली. तिने नव्या चपला घेतल्या.

संक्रांत झाली, आणि शनिवारी नात कादंबरी आली. मुलाची मुलगी, डॉक्टरकीच्या चौथ्या वर्षाला, होस्टेलवर राहणारी. तिळाच्या वड्यांचा डबा मांडीवर घेऊन ती अंगणात आजोबांच्या शेजारी बसली. टेबलावरचं यंत्र पाहून तिने चुटकी वाजवली.

"आजी, पारावाला! आमच्या वॉर्डातले सगळे काढून टाकले. चलो आजोबा, बाजू पुढे करा."

"बाजू नाही, दंड," हेमलताबाई सवयीने म्हणाल्या.

"हां, दंड."

भाऊसाहेबांचा एकशे चाळीस आला. मग तिने आजीचा घेतला. पारा खाली येताना ती कान देऊन ऐकत होती, मध्येच थांबली. पट्टा सोडला, पालथा केला, पुन्हा हाताशी धरून पाहिला. मग आत जाऊन शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन आली.

"आजी, आतला ब्लॅडर कुठला आहे हा?"

"त्याच पोत्यातला. का ग?"

"हा मोठ्या मापाचा आहे. जाड दंडाला लावतात, नाहीतर मांडीला. बारीक दंडाला लावला ना, तर प्रेशर कमी येतं. वीस, कधी पंचवीस पण." ती टेप गुंडाळत म्हणाली, "आजोबांना बिल्कुल करेक्ट येतो, कारण आजोबा…"

"बोल, बोल," भाऊसाहेब म्हणाले.

"हेल्दी आहेत."

"चला. खाल्लेलं कुठेतरी उपयोगी पडलं."

कादंबरी हसली. हेमलताबाईंचा हात अजून खुर्चीच्या हातावर उताणा होता. बारीक, काडीसारखा. त्यांच्यासारखाच, किंबहुना त्यांच्याहून बारीक दंड आणखी एक होता.

"तू कोणाकोणाचं घेतेस याच्यावर?" कादंबरीने विचारलं.

"घरच्यांचंच," हेमलताबाई म्हणाल्या.

भाऊसाहेबांनी वर्तमानपत्रावरून त्यांच्याकडे पाहिलं. नात गेल्यावर ते म्हणाले, "आत्ता फोन कर तिला."

त्यांनी केला. वैजयंतीच आधी बोलायला लागली. मंडळाच्या हळदीकुंकवात तिने सगळ्या बायकांना सांगितलं होतं की आमच्या हेमाने भंगारातल्या यंत्राने माझा रक्तदाब घालवला. आता चौघीजणी गुरुवारी येऊ का विचारत होत्या. "तुझ्या दारी रांग लागेल बघ. भाऊसाहेबांना टोकन वाटायला बसव."

"वैजू," हेमलताबाई म्हणाल्या, "थंडी फार आहे. थंडीत प्रेशर वाढतं म्हणे. गोळी परत सुरू कर ना थोडे दिवस."

"एकशे तीस असताना? तुला काय झालंय? पाय परत भोपळ्यासारखे करू?"

"नाही, म्हणजे, सहज…"

"गुरुवारी बघू. तू मोज, मग ठरवू," वैजयंती म्हणाली. "तुझ्या आकड्यावर माझा भरवसा आहे."

फोन ठेवल्यावर हेमलताबाई बराच वेळ तिथेच स्टुलावर बसल्या. रांग येणार होती, ती आता परत पाठवायला हवी. पण त्याहून वाईट हे होतं की वैजूला खरं सांगितलं तर चौतीस वर्षांची ती हातोटी, तो मॅडम के हाथ में दो, सगळं एका रबराच्या पिशवीपायी जाणार. असा विचार आपल्या मनात पहिल्यांदा आला, वैजूच्या डोक्यातल्या शिरांचा नाही, हे त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांना अंगभर शरम वाटली. तरी त्या उठल्या नाहीत, फोन पुन्हा केला नाही.

सोमवारी त्या सेक्टरमधल्या औषधाच्या दुकानात गेल्या आणि साध्या मापाचा पट्टा विकत आणला. या घरात वर्कशॉपसाठी कोरी करकरीत वस्तू आली ती त्या दिवशी पहिल्यांदा. मग निळ्या फुलांचा अभ्रा उसवला, आतली रबरी पिशवी काढली, नवी घातली, अभ्रा आत दुमडून मशीनवर पुन्हा शिवला. टाका जुन्या टाक्यावरच येईल अशा बेताने. भाऊसाहेब दारात उभे होते.

"हे काय चाललंय?"

"पट्टा बदलतेय."

"ते दिसतंय. कापड तेच का?"

हेमलताबाईंनी दोरा दाताने तोडला. "तिला दिसू नये म्हणून," त्या म्हणाल्या. "गुरुवारी आकडा वाढलेला येईल. ती घाबरेल, डॉक्टरकडे जाईल, गोळी सुरू होईल. झालं."

"आणि तू?"

"माझं काय?"

"हेमलता, सेक्रेटेरिएटमध्ये मी अडतीस वर्षं फाइली पाहिल्या. चूक झालेल्या फाइलीवर कोणाची नोकरी जात नाही. चूक दडवलेल्या फाइलीवर जाते." एवढं बोलून ते उन्हात जाऊन बसले. लांब भाषण करायची त्यांची सवय नव्हती.

गुरुवारी धुकं होतं. वैजयंती कानाला मफलर गुंडाळून साडेअकराला आली. नव्या चपलांवर जाड मोजे. बरोबरच्या बायकांना तिने पुढच्या आठवड्यावर ढकललं होतं. "आज माझा मान," म्हणून ती खुर्चीत बसली आणि स्वेटरची बाही वर केली. पट्ट्याच्या निळ्या फुलांवरून तिने बोट फिरवलं. तिला काही दिसलं नाही. ती नेहमीसारखीच म्हणाली, "माझे पडदे."

हेमलताबाईंनी हवा भरली, झडप सोडली. आवाज आला तिथे पारा पाहिला. पुन्हा भरली, पुन्हा पाहिला. एकशे अठ्ठावन्न. खालचा शहाण्णव.

"किती?" वैजयंतीने विचारलं.

त्यांनी सांगितलं.

वैजयंतीचा चेहरा लहान मुलासारखा पडला. ती वहीकडे पाहत राहिली, एकशे सव्वीस, एकशे तीस, आणि आता हे. मग खाली मान घालून म्हणाली, "मला माहीत होतं."

"काय?"

"हेमा, मी तुला खोटं सांगत होते. धुक्यात मी बागेत जातच नव्हते. चार फेऱ्या म्हणून तू वहीत लिहीत होतीस ना, त्या मी घरातल्या घरात सोफ्याभोवती मारायच्या ठरवायचे, आणि दोन झाल्या की बसायचे. आणि संक्रांतीला आंब्याचं लोणचं खाल्लं. एक फोड नाही, चार. बरणी समोरच होती." तिने मफलरने नाक पुसलं. "तू एवढं भंगार उपसून, एवढं करून माझ्यासाठी… आणि मी पोरकटपणा केला. मी स्वतःच वाढवून घेतलं ग."

हेमलताबाईंनी पाण्याचा पेला तिच्या हातात दिला. बोलायची हीच वेळ होती. त्या म्हणाल्या, "चहा टाकते."

चहा झाला. वैजयंतीने साखर घेतली नाही, बशीतल्या तिळाच्या वडीला हात लावला नाही, आणि दोनदा सॉरी म्हणाली. चाळीस वर्षांत तिने हेमलताबाईंना सॉरी म्हटलं नव्हतं. हेमलताबाईंचा मुलगा तिच्याकडे जिन्यावरून पडला होता, कपाळाला तीन टाके पडले होते, तेव्हाही नाही. तेव्हा नुसती शेजारी बसून राहिली होती, रात्रभर. मग वैजयंती उठली आणि मफलर बांधायला लागली.

"आजपासून सायकल वीस मिनिटं," ती म्हणाली. "आणि लोणच्याची बरणी घेऊन येते, तुझ्याकडेच ठेव."

"वैजू, बस."

"उशीर होईल ग, रिक्षा…"

"बस म्हणते ना." हेमलताबाईंनी टेबलाचा खण ओढला आणि जुनी रबरी पिशवी काढून तिच्या मांडीवर ठेवली. मग पट्टा शेजारी ठेवला. रुंद आणि अरुंद. "हे बघ. ही आधी होती, ही आता आहे. जाड माणसाच्या मापाची होती ती. भाऊसाहेबांना बरोबर दाखवायची, तुला वीस-पंचवीस कमी. तुझं लोणच्याने वाढलेलं नाही. तुझं कधी कमी झालंच नव्हतं. मी पट्टा तपासला नव्हता."

वैजयंतीने रबर उचललं. उलटसुलट केलं. मग म्हणाली, "म्हणजे पाच महिने मी अळणी भाजी फुकट खाल्ली?"

"फुकट नाही. पण…"

"आणि गोळी मी बंद केली."

"मी सांगितलं म्हणून केलीस."

बाहेरून भाऊसाहेबांनी हाक मारली, "मी रिक्षा थांबवलीय. दोघी डॉक्टरकडे जा." त्यांचे कान अजून तरुण होते.

ई-रिक्षात वैजयंतीने मफलर कानांवर ओढून घेतला. दवाखान्यात तासभर बसावं लागलं. आत डॉक्टरीणबाईंनी दोन्ही हातांवर मोजलं आणि कागदावर एकशे चौसष्ट लिहिलं. त्यांनी चष्म्यातून वर पाहिलं. "दवाई किसने बंद करवाई?"

हेमलताबाई पुढे सरकल्या. तोंड उघडलं. त्यांच्या आधी वैजयंती म्हणाली, "किसी ने नहीं, मैंने खुद."

"इस उम्र में खुद डॉक्टर मत बनिए, आंटी. स्ट्रोक हो सकता था."

"जी," वैजयंती म्हणाली.

नवी गोळी मिळाली, सूज न आणणारी. पाच महिन्यांपूर्वी कोणी विचारायला गेलं असतं तर तेव्हाही मिळाली असती. दुकानातून ती घेऊन दोघी परत रिक्षात बसल्या. रस्त्यावर धुकं थोडं विरळ झालं होतं. वैजयंती समोर बघत होती.

"तुला कधी कळलं?" तिने विचारलं.

खोटं सांगायला जागा होती. आज सकाळी कळलं, असं म्हणता आलं असतं. हेमलताबाई म्हणाल्या, "शनिवारी."

"शनिवारी तू फोन केलास. थंडीचं बोललीस."

"हो."

"आणि आज मी लोणच्याचं सांगितलं, तेव्हाही तुला माहीत होतं. आणि तू चहा केलास."

हेमलताबाईंनी मान हलवली. वैजयंतीचं घर आलं. ती उतरली, गोळ्यांची पिशवी घेतली आणि गेटमधून आत गेली. मागे वळून नेहमीसारखा हात केला नाही.

पुढचे तीन गुरुवार ती आली नाही.

हेमलताबाईंनी चौघी बायकांना निरोप पाठवला की यंत्र चुकीचं मोजत होतं, कोणी येऊ नये. निरोपात त्यांनी वैजयंतीच्या औषधाचंही लिहिलं, कोणाच्या सांगण्यावरून थांबलं तेही. मंडळात त्याची चर्चा झाली असणार. व्हायलाच हवी होती. मग त्या गॅरेजातल्या भिंतीसमोर उभ्या राहिल्या. यादीतली सात कामं होती तशी दिसत होती, सगळी अर्धी, सगळी चालू, आणि प्रत्येकाजवळ आपला थोडा थोडा जीव. त्यांनी ट्रेडमिलची मोटर परत केली. मिक्सर पुरा करून पंजाबी आजींना दिला. मंडळाचा अँप्लिफायर आणि बाकीची कामं दुसऱ्याकडे द्या म्हणाल्या. ट्रंकेतून नरसिंह साहेबांच्या काळातल्या कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला. कडा पिवळ्या पडल्या होत्या, दोरा शाबूत होता. मिक्सरला बांधलेल्या चिठ्ठीवर दुसऱ्या रकान्यात त्यांनी लिहिलं: "झाकणाची रबरी रिंग पाहिली नाही." पंजाबी आजी म्हणाल्या, "ये क्या है, बेटा?" आजी अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या, त्यांना सगळेच बेटा. हेमलताबाई म्हणाल्या, "सच है."

भिंतीवर एकच काम उरलं. सायकल. ती त्यांनी रोज थोडी थोडी केली, दुसरं काही हातात न घेता. सीट घट्ट केली, पेडलला चामड्याचे पट्टे लावले, वंगण घातलं. एका कामाने दिवस किती मोठा होतो हे त्यांना नव्याने कळलं. सकाळी त्या बागेत चार फेऱ्या मारत, एकट्या, आणि दर फेरीला वैजयंती सोफ्याभोवती फिरतेय की नाही असा विचार करत. रोज फोन करायचं ठरवत. करायच्या तो भाऊसाहेबांकडून. ते मोठ्याने विचारायचे, "वैजयंतीबाई, गोळी घेतली का?" आणि पलीकडून जो "हो" यायचा तो त्या शेजारी बसून ऐकायच्या.

चौथ्या गुरुवारी अकराला गॅरेजच्या दारात ई-रिक्षा थांबली. वैजयंतीच्या हातात खोका होता. घरी मोजायचं नवं यंत्र, आकडे आपोआप दाखवणारं. सुधन्वाने मागवून पाठवलेलं. तिने तो टेबलावर ठेवला. सायकल पाहिली, बोटाने पेडल एकदा फिरवलं, थांबेपर्यंत बघितलं.

"पूर्ण केलीस," ती म्हणाली. "आता माझं काही खरं नाही."

हेमलताबाईंना हसू आलं नाही. वैजयंतीलाही नाही.

"हे यंत्र नीट सांगतं का बघ," वैजयंती म्हणाली. "तुझ्या पाऱ्याशी लावून."

"मी नको ग. कादंबरीला बोलावते शनिवारी."

"शनिवारी नको. शनिवारचं मला काही नको." ती खुर्चीत बसली आणि बाही वर केली. "तूच बघ. पण एक कर. काय दिसतंय ते लगेच, मोठ्याने सांगायचं. चहाच्या आधी."

हेमलताबाईंनी आधी टेप घेतली. वैजयंतीचा दंड मोजला, आकडा मोठ्याने सांगितला. नव्या यंत्राचा पट्टा उलगडून त्यावरचं माप वाचलं, तेही मोठ्याने. मग गठ्ठ्यातली एक चिठ्ठी ओढून दुसऱ्या रकान्यात लिहिलं, न पाहिलेलं आधी या साहेबांच्या नियमाने: "बॅटरी किती दिवस टिकते, पाहिलं नाही."

"लिहून काय ठेवतेस?"

"जे पाहिलं नाही ते."

वैजयंतीने चिठ्ठी वाचली आणि स्वतःच दोऱ्याने यंत्राला बांधली. हेमलताबाईंनी पट्टा गुंडाळला. निळ्या फुलांचा नव्हे, त्या यंत्राबरोबर आलेला, करडा. बटण दाबलं. घुर्रघुर्र आवाज आला, पट्टा फुगला, सैल झाला. बाहेर भाऊसाहेबांनी वर्तमानपत्र खाली केलं.

"एकशे अठ्ठेचाळीस," हेमलताबाई म्हणाल्या, भाऊसाहेबांना अंगणात ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "कमी नाही. गोळी चालू ठेवायची."

"ठेवणारच आहे," वैजयंती म्हणाली. "आता तुझ्या पाऱ्यावर घे."